झटका न दिलेली अंडी

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा दोघांनी एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार होता.

लॅबच्या अगदी टोकाला ती खोली. दाराच्या आत जाड काळा पडदा, पडद्याच्या आत एक मायक्रोस्कोप आणि दोन स्टुलं. पेशींमधली हिरवी चमक बघायची तर बाहेरचा उजेड चालत नाही, म्हणून तिथं भर दुपारीही दिवा लावायला बंदी. आत्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घेतलेली रजा संपवून ती त्या दिवशी कामावर परतली होती. हातात झाकलेली बशी होती, डोक्यात घरची औषधं होती, आणि पडदा सारून तिनं नकळत भिंतीवरचं बटण चाचपलं.

"दिवा नका लावू..." आतून कुणीतरी म्हणालं. "लावलात तर माझी अख्खी सकाळ वाया जाईल."

आवाज ओळखीचा नव्हता. तिनं ठणकावून सांगितलं की ही वेळ तिची आहे, बाहेर पाटीवर लिहिलेलं आहे. त्यानं मुकाट्यानं कबूल केलं की असेल, तो नवीन आहे, उठतो. उठला मात्र नाही.

"उठण्याआधी... एकदा बघता का? हे एकट्यानं बघवत नाही."

आता अशा माणसाला काय म्हणावं? ती चाचपडत पुढे आली, हात स्टुलाऐवजी त्याच्या खांद्याला लागला, तो तिनं चटका बसल्यासारखा मागे घेतला, आणि डोळा लावला. कोंबडीच्या अंड्यातला भ्रूण, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याचं हृदय नुकतंच चालू झालं होतं, आणि प्रत्येक ठोक्याला त्यातले हिरवे ठिपके हलत होते. हे तिनं हजारदा पाहिलं होतं. पण एकट्यानं बघवत नाही असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही कधीकधी ते एकटीनं बघवायचं नाही.

"सुईनं दिलंय?" तिनं उगाच कोरडा आवाज काढून विचारलं.

"हो. विषाणूतून, सुईनं. तुम्ही कसं देता?"

"मी झटका देते."

"कुणाला?"

"सध्या तरी... अंड्यांना."

तो हसला. चांगलं हसला. ते हसू ऐकून ती कशाला आली होती हेच क्षणभर विसरली.

आता हा सुईचा आणि झटक्याचा काय प्रकार, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं रामायण समजायचं नाही. भ्रूणाच्या पेशीत नवीन जनुक घालायचं तर ते काही आपल्या पायांनी चालत जात नाही. त्याला कुणीतरी पोचवावं लागतं. ती विजेनं पोचवायची. अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी कापायची, भ्रूणावर जनुकाचं द्रावण सोडायचं, दोन बारीक तारा दोन्ही बाजूंना धरायच्या आणि क्षणभर वीज सोडायची. पेशी हबकतात, त्यांच्या आवरणाला भोकं पडतात, जनुक आत शिरतं. मग खिडकीवर चिकटपट्टी लावून अंडं परत उबेत ठेवायचं. म्हणून लॅबमध्ये तिला सगळे वीजबाई म्हणत. तो तेच जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूत भरायचा आणि केसाहून बारीक काचेच्या सुईनं आत सोडायचा. त्याचं नाव तिनं त्याच आठवड्यात सुईवाला ठेवलं, आणि ते चिकटलं.

वीजबाईचा शोध मोठा होता. तिचं जनुक घातलं की जिथं हृदय व्हायचं नाही तिथल्या पेशीसुद्धा हृदयाचं प्रथिन बनवायला लागत. हिरवा रंग म्हणजे जनुक पोचलं, लाल रंग म्हणजे हृदयाचं प्रथिन आलं. आणि तिच्या अंड्यांत जिथं हिरवं तिथं लालही अगदी ठसठशीत दिसायचं. या एका लाल रंगावर तिची पदवी उभी होती. सुईवाल्याची नोकरीही त्यावरच उभी होती, कारण दुसऱ्या वाटेनं जनुक पोचवून तोच लाल रंग दाखव, एवढ्यासाठीच बाईंनी त्याला आणलं होतं. बाई म्हणजे लॅबच्या प्रमुख. बोलायला फटकळ, पण अंड्यांच्या बाबतीत मनानं लोण्याहून मऊ. त्यांनी फार वर्षांपूर्वी एक रीत घालून दिली होती. तुलनेसाठी ठेवलेल्या अंड्यांना नुसतं द्रावण द्यायचं, झटका द्यायचा नाही. झटक्यानं बरेच भ्रूण दगावतात. ज्यांच्यात जनुक घालायचंच नाही त्यांना कशाला उगाच मारायचं? हे सगळ्यांना पटलं होतं. कुणी पुन्हा विचारलं नाही.

दिवस जात होते. सुईवाला सकाळी अंडी आडवी मांडायचा, ती खिडक्या कापायची. त्याचा हात दगडासारखा स्थिर, बोलणं मात्र अडखळत. ती म्हणायची, तुमचा सगळा धीर बोटांत गेलाय, जिभेपर्यंत पोचलाच नाही. तो म्हणायचा, पोचवायचा तर आहे, वाट सापडत नाही... आणि मान खाली घालून सुईचं टोक बघत बसायचा. ती तोंड फिरवून हसायची. चिकटपट्टी कापून देताना बोटाला बोट लागायचं, आणि मग दोघंही नको तेवढी पट्टी कापायचे.

अहो-जाहो कधी सुटलं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. एकदा उबेच्या कपाटाचं दार तिच्या बोटावर आदळलं, आणि तो ओरडला, "लागलं का गं तुला?" ओरडला आणि स्वतःच गोरामोरा झाला. ती म्हणाली, लागलं, पण आता परत "तुम्ही" म्हणालास तर जास्त लागेल.

वीजबाईला घरी आत्याशिवाय कुणी नव्हतं. आई-वडील लहानपणीच गेले, आत्यानं वाढवलं. आत्याचं ऑपरेशन नीट झालं होतं आणि नव्या नजरेनं ती घरातली धूळ शोधत हिंडत होती. पोरीच्या तोंडावरचा नवा उजेडही तिच्या नजरेतून सुटला नाही. कोण आहे, काय करतो, घरी कोण असतं, सगळं विचारून झाल्यावर तिनं शेवटी एकच विचारलं: बोलतो का? वीजबाई म्हणाली, कमी बोलतो. आत्या म्हणाली, कमी बोलला तरी चालेल गं, पण लपवून ठेवणारा नको.

यामागे एक दुखणं होतं. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, फार मायाळू माणूस. पोटात गाठ आहे हे त्यांना कळलं तेव्हा आत्याला त्रास नको म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. हसत राहिले, बागेला पाणी घालत राहिले, आणि आत्याला जेव्हा कळलं तेव्हा करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. लोक म्हणाले, काय देवमाणूस. आत्या आजही म्हणायची, "मला वाचवायला गेले, आणि निरोपसुद्धा घेऊ दिला नाही." हे सांगताना ती रडायची नाही. तिला राग यायचा. वीजबाई त्या रागाच्या सावलीत वाढली होती.

तिच्या सादरीकरणाची तारीख ठरली. बाहेरून मोठमोठे लोक येणार होते, त्यानंतर पदवी हातात पडल्यासारखीच. ती चित्रं जुळवत होती, भाषण घोकत होती, आणि मधूनच कारण नसताना गुणगुणत होती. सुईवाला मात्र त्या दिवसांत गप्प गप्प झाला. तिला वाटलं, सादरीकरणानंतर काहीतरी विचारायचं म्हणून धीर गोळा करतोय. बिचारा!

एका संध्याकाळी दोघं मागच्या जिन्यावर बसले होते. बाहेर पाऊस भुरभुरत होता, कठड्यावरून थेंब पायरीवर पडत होते आणि त्याच्या चपलेचा अंगठा भिजत होता, तरी तो पाय मागे घेत नव्हता. तिनं विचार केला, याचा धीर गोळा व्हायची वाट पाहिली तर माझे केस पिकतील. म्हणून तिनंच विचारलं.

"आत्याला भेटायला येशील?"

हा प्रश्न साधा नव्हे, हे त्यालाही कळलं. त्याचा चेहरा आधी उजळला... आणि मग असा उतरला की तिच्या काळजात चर्र झालं.

"यायचंय," तो म्हणाला. "पण आधी एक ऐक. ऐकून झाल्यावर बोलावलंस तर येईन."

आणि त्यानं सांगितलं. त्याच्या सुईनं जनुक पोचत होतं, हिरवं दिसत होतं, पण लाल काही उमटत नव्हतं. आधी त्याला वाटलं आपलाच हात चुकतोय. मग, ती आत्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली होती त्या दिवशी, त्यानं तिच्या मशीनवर एक गंमत म्हणून करून पाहिलं. ज्यात तिचं जनुकच नाही, नुसता हिरवा रंग देणारा डीएनए आहे, असं रिकामं द्रावण घातलं आणि झटका दिला. सकाळी त्या अंड्यांत लाल रंग होता. तिच्या चित्रांतल्याइतकाच. त्यानं पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. तिच्या जनुकानं काही केलं असेल-नसेल, झटका मात्र एकटाच ते करू शकत होता. आणि हे आजवर दिसलं नाही, कारण या लॅबनं तुलनेच्या अंड्यांना दयेपोटी कधी झटका दिलाच नव्हता.

तिनं एवढंच विचारलं, "कधी कळलं तुला हे?"

"झाले काही दिवस."

"काही दिवस... आणि मी तुझ्यासमोर भाषण घोकत होते."

"तू इतकी खूश होतीस. मला वाटलं, नीट खात्री करून... तुला त्रास होऊ नये अशा रीतीनं..."

"माझ्या आतोबांना पण असंच वाटलं होतं," ती म्हणाली आणि उठली. तिचा आवाज चढला नव्हता. "लाल रंग गेला तर गेला. तो गेला म्हणून मी मरत नाही. पण माझ्याबद्दलची गोष्ट तुला माहीत होती आणि मला नव्हती, आणि तू माझ्याकडे बघून हसत होतास. हे मला सोसत नाही रे. खरंच सोसत नाही."

त्यानं छत्री तिच्यासमोर धरली, ती तिनं घेतली नाही. भिजत घरी गेली, दार लावून रडली, आणि आत्यानं दार वाजवलं तेव्हा उघडून सगळं सांगितलं. आत्या ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, उशिरा का होईना, सांगितलं तरी. आमच्या ह्यांनी तेवढंही नाही केलं. पण तुझा राग खोटा नाही. मी तुला समजवायला येणार नाही, तुझं तू बघ.

दुसऱ्या दिवसापासून वीजबाईनं स्वतःच्या हातानं तेच काम सुरू केलं. ऐकीव गोष्टीवर ती विश्वास ठेवणारी नव्हती, मग ती कुणाचीही असो. जनुकासह झटका, जनुकाशिवाय झटका, झटक्याशिवाय जनुक. तुलनेच्या अंड्यांवर तिनं पहिल्यांदाच तारा टेकवल्या. बरेच भ्रूण दगावले. जे जगले त्यांची बशी घेऊन ती अंधाऱ्या खोलीत एकटी बसली, आणि मायक्रोस्कोपमध्ये लाल रंग दिसला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. सुईवाला खरं बोलला होता.

बाईंना सांगायला गेली तेव्हा वाटलं होतं, आता आभाळ कोसळणार. बाईंनी चित्रं बघितली, परत बघितली, चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, ही रीत माझी. मी लावली. मला मेलेलं अंडं बघवायचं नाही म्हणून सगळ्यांना आंधळं करून ठेवलं. पदवी लांबेल, त्याला इलाज नाही. पण तारीख पुढे ढकलायची नाही. उभी राहा आणि जे आहे ते सांग.

त्या दिवसांत ती सुईवाल्याशी कामापुरतंच बोलली. विषाणूचे निकाल मागून घेतले, धन्यवाद म्हणाली, आणि तेही "तुमचे" म्हणून. तो "तुमचे" ऐकून पांढरा पडला, पण निकाल मात्र सगळे दिले, फसलेलेसुद्धा. सकाळी तोही अंडी मांडायचा, तिच्यापासून दूरच्या टेबलावर. ती कधी मान वर करून बघायची, तो बघत नसायचा. तो बघायचा तेव्हा हिची मान खाली. सगळ्या लॅबला कळत होतं. कोण बोलणार?

सादरीकरणाचा हॉल भरला होता. तिनं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की मला जो शोध लागला असं मला वाटत होतं, तो शोध नव्हता. खुर्च्या करकरल्या. मग तिनं एकेक चित्र दाखवलं. जनुक कोणत्या वाटेनं पोचवलं यावर भ्रूण काय उत्तर देतो तेही बदलतं, आणि वाटेचं उत्तर आम्ही जनुकाचं समजून बसलो होतो. विजेनं पोचवलेलं जनुक काही तासांतच बोलायला लागतं, पण वीज स्वतःही पेशीला काहीबाही बोलायला लावते. विषाणू शांतपणे जातो, आणि तिथं लाल दिसत नाही. म्हणजे जनुकात ती ताकद नसावी. इथं तिनं कोणत्या वाटेनं गेलेलं जनुक किती तासांत कामाला लागतं, त्या वेळांची आकृती दाखवली, आभार मानले, आणि हॉलमध्ये शांतता पसरली. ती शांतता दयेची होती, हे तिला कळलं. लोक तिला प्रश्न विचारायला लाजत होते, आणि तिला त्याचीच सगळ्यात जास्त शरम वाटत होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून हात वर झाला. सुईवाल्याचा.

"विषाणूचं काम माझं आहे," तो उभा राहून म्हणाला. या वेळी अडखळला नाही. "तुमच्याच आकृतीप्रमाणे, विषाणूतून गेलेलं जनुक कामाला लागायला जवळजवळ एक दिवस घेतं. तोपर्यंत कुठल्या पेशीनं काय व्हायचं ते ठरून गेलेलं असतं. मग माझ्या अंड्यांत लाल दिसलं नाही, ते जनुकात दम नाही म्हणून, की ते उशिरा पोचलं म्हणून? तुम्ही माझ्या निकालावर इतका भरवसा का ठेवला?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. बाईंनी मान वळवून त्याच्याकडे रोखून पाहिलं. बुडत्याच्या डोक्यावर आणखी एक दगड, असंच सगळ्यांना वाटलं असणार. वीजबाईला मात्र काहीतरी निराळंच होत होतं. गालांना ऊब येत होती. जिथं सगळे तिला सांभाळून घेत होते, तिथं हा एक माणूस तिला सांभाळत नव्हता. त्याला जे दिसलं ते त्यानं तिला सांगितलं होतं, तिच्या तोंडावर, भर सभेत, स्वतःच्या कामाचा बळी देऊन.

"ठेवायला नको होता," ती म्हणाली. "याचं उत्तर माझ्याकडे आज नाही. वीज नाही आणि उशीरही नाही, अशी वाट शोधावी लागेल." आणि तिला हसू आलं. सभेत, सगळ्यांदेखत. मग प्रश्नांची झोड उठली, आणि ती प्रत्येकाला ताठ मानेनं उत्तर देत राहिली.

संपल्यावर लोक चहाकडे वळले. ती बाहेरच्या व्हरांड्यात एकटी उभी राहिली. कठड्याला हात लावून, दम घेत. तो आला तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं नाही, पण पावलं ओळखली.

"हा प्रश्न कधी सुचला तुला?"

"तू आकृती दाखवलीस तेव्हा."

"चहा पिताना हळूच विचारता आला असता."

"आला असता. गप्पच बसणार होतो... सवय वाईट असते. पण मग म्हटलं, पुन्हा तेच नको. तू कायमची बोलायची बंद झालीस तरी चालेल, पण हे तुझ्यापासून ठेवून घ्यायचं नाही."

"चालेल?"

"नाही," तो म्हणाला. "अजिबात चालणार नाही. मी झोपत नाही, गं. सुया मोडतोय रोज."

ती वळली. इतक्या दिवसांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं. तिला तो फार, फार आवडत होता, आणि ते आता लपवून ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

"ऐक," ती म्हणाली. "माझी पदवी लांबलीय. आत्याला सोडून मला कुठं जाता येणार नाही. मी पटकन चिडते. हे सगळं धरून विचारते, लग्न करशील माझ्याशी?"

त्याचे डोळे भरून आले. तरी त्यानं हात पुढे केला नाही.

"माझं एक राहिलंय, ते आधी सांगतो," तो म्हणाला. "माझी नोकरी वाढवणार नाहीत. लाल रंगच नाही तर माझं काम कशासाठी? महिनाअखेर जावं लागेल, आणि पुढची नोकरी दुसऱ्या शहरात मिळेल की मिळणारच नाही, मला ठाऊक नाही."

"हे कधी कळलं?"

"आत्ता. चहाच्या रांगेत बाईंनी सांगितलं. हातातला कप तिथंच ठेवला आणि आलो."

तिनं त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. आतून कपबशांचा आवाज येत होता, कुणीतरी तिचं नाव घेऊन तिला शोधत होतं. वाटतंय ते दुःख की सुख, ते तिलाच कळेना, आणि कळून घ्यायची घाईही नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "कळलं. माझा प्रश्न तोच आहे."

"मग माझं उत्तर, हो," तो म्हणाला, आणि या वेळी तिचा हात त्यानं हातात घेतला.